समासातील नावे

लूकलिखित शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात नावाच्या नोंदीचा एक प्रसंग आहे. अलीशिबेला पुत्र झाला आणि आठव्या दिवशी शेजारी व नातलग जमले. बाळाला बापाचे, म्हणजे जखऱ्याचेच नाव ठेवायचे, असे त्यांनी आपापसांत ठरवूनही टाकले होते. आईने सांगितले की, याचे नाव योहान. नातलगांना ते पटले नाही. तुमच्या घराण्यात या नावाचे कोणीच नाही, असा त्यांचा आक्षेप होता. अखेर वाचा गेलेल्या बापाने पाटी मागवली आणि आईने सांगितलेले नावच तिच्यावर लिहिले. नाव कोणाच्या सांगण्यावरून लिहायचे, आणि ‘असेच असणार’ असे धरून चालणाऱ्या आपल्याच माणसांपासून ते कसे राखायचे, हे दोन्ही प्रश्न त्या पाटीपाशी उभे होते. योहानाचे नाव राखले गेले ते आईच्या ठामपणामुळे आणि बापाच्या लेखनामुळे.

हा प्रसंग आठवण्याचे कारण असे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून आजोबांच्या काळी बाहेर पडलेल्या एका कुटुंबातील मुलगी सध्या परदेशात नोकरी करते. तिने मला पत्राने विचारले, “फादर, यांतले माझे आजोबा कोणते?” इंटरनेटवरील एका समाईक वंशवृक्षात तिला आपले आजोबा दोन ठिकाणी सापडले होते, एके ठिकाणी ‘याकोबुस’, दुसरीकडे ‘जेम्स’. आजी तर तीन ठिकाणी होती. शिवाय कोणा अनोळखी हितचिंतकाने आजोबांना त्याच नावाच्या दुसऱ्या एका गृहस्थांशी जोडून टाकले होते, त्यामुळे तिला कधी नसलेले काका आणि चुलत भावंडेही मिळाली होती. तिचा प्रश्न साधा होता. परंतु त्याचे उत्तर देताना मला स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्यांचा सारा इतिहास पुन्हा चाळावा लागला. तोच वाचकांपुढे ठेवीत आहे.

धर्मग्रामात नावे लिहून ठेवण्याची शिस्त ख्रिस्तसभेने सार्वत्रिक केली ती ट्रेंटच्या धर्मपरिषदेत. १५६३ च्या नोव्हेंबरमध्ये त्या परिषदेने विवाहासंबंधी जो निर्णय केला, त्यात धर्मगुरूने वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस आणि स्थळ एका वहीत लिहून ती वही जपून ठेवावी, असा आदेश होता. स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापिता कोण, हे विचारून त्यांची नावे लिहावीत, असेही त्यात सांगितले होते. हेतू व्यवहाराचा होता. गुप्त विवाहांना आळा बसावा आणि नात्यागोत्यांची अडचण आधीच कळावी, यासाठी ही दक्षता होती. पुढे १६१४ मध्ये पोप पाचवे पॉल यांच्या काळात जो रोमन विधिग्रंथ निघाला, त्यात स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातील कुटुंबांची स्थिती अशा पाच वह्या कशा लिहाव्यात, याचे नमुने दिले गेले. आज आपल्या कार्यालयांतील कपाटांत असलेल्या वह्या या नमुन्यांच्याच वंशज होत.

या वह्यांचे एक वैशिष्ट्य मला नेहमी मोलाचे वाटत आले आहे. त्यांना मोठा समास असतो. बालक वाढले, त्याचे दृढीकरण झाले, पुढे त्याने विवाह केला वा संन्यस्त व्रत घेतले, तर ती हकीकत मूळ नोंदीशेजारी लिहिली जाते. आजच्या, म्हणजे १९८३ च्या, धर्मसभेच्या कायदेसंहितेतही नियम ५३५ तसेच सांगतो. मूळ ओळ कोणी खोडीत नाही. नंतर कळलेले जे काही असेल ते समासात जाते. त्या मुलीच्या आजोबांचा शोधही अखेर समासातच लागला. याकोबुस या नावाशेजारी वीस-बावीस वर्षांनंतरच्या वेगळ्या शाईत त्यांच्या विवाहाची नोंद होती. वधूचे माहेरचे नाव व गाव होते. दुसऱ्या गृहस्थांच्या नोंदीशेजारी निराळीच वधू होती. एका ओळीने दोन माणसे पुन्हा वेगळी झाली.

आता ‘याकोबुस’ आणि ‘जेम्स’ यांच्याविषयी. आमच्या भागातील जुन्या धर्मगुरूंनी नोंदी बहुधा लॅटिनमध्ये वा इंग्रजीत, रोमन लिपीत केल्या. लॅटिन लिहिणारा धर्मगुरू नावाचेही लॅटिन करी. घरात ज्याला पीटर, पेद्रू वा पेत्र म्हणत, तो वहीत ‘पेत्रुस’ होई. योहान, जॉन आणि जुवांव हे सारे ‘योआन्नेस’ होत. याकोबुस या एका लॅटिन नावातून तर इंग्रजीत जेकब व जेम्स अशी दोन नावे निघाली, पोर्तुगीजमध्ये जाकोब, जाइमे आणि तियागो, आणि आपल्या मराठी शुभवर्तमानात याकोब. वहीत याकोबुस दिसले म्हणून घरात त्याला काय म्हणत, ते कळत नाही.

दुसरी अडचण व्याकरणाची. आपण मराठीत ‘अंतोनचा मुलगा’ म्हणतो, तेव्हा ‘चा’ वेगळा ओळखू येतो. लॅटिनमध्ये षष्ठीचा प्रत्यय नावातच मुरतो. ‘आन्तोनिउस’ हा बाप असेल तर ‘आन्तोनिउसचा मुलगा’ लिहिताना ‘आन्तोनीई’ असे रूप येते. पेत्रुसचे ‘पेत्री’ होते, मारियाचे ‘मारिए’. ज्याला लॅटिन येत नाही अशा माणसाने ती नोंद उतरून घेतली की, वंशवृक्षात बापाचे नाव ‘पेत्री’ पडते आणि आईचे ‘मारिए’. असे जोडपे पृथ्वीतलावर कधी नांदलेले नसते. ते केवळ विभक्तीतून जन्मलेले असते.

मात्र ज्याला लॅटिन येते तो चुकत नाही, असे कोणी समजू नये. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलो होतो, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांना स्नानसंस्काराचा दाखला देताना वहीतील ‘याकोबुस’चे मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘जेम्स’ केले. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जेकब होते. एका कार्यालयात दोन्ही कागद पुढे ठेवल्यावर त्यांना सांगण्यात आले की, ही दोन माणसे आहेत. त्या बिचाऱ्यांना प्रतिज्ञापत्र करावे लागले, खेटे घालावे लागले. माझ्यापाशी येऊन ते एवढेच म्हणाले, “फादर, माझे नाव मला ठाऊक होते, तुम्ही विचारले असते तर सांगितले असते.” त्या दिवसापासून वहीत असेल ते अक्षरशः उतरायचे आणि घरातले नाव विचारून वेगळे लिहायचे, असा नेम मी केला आहे.

आपल्या लोकांना दोन-दोन नावे का असतात, याचेही उत्तर कायद्यात आहे. १९१७ च्या संहितेतील नियम ७६१ असा होता की, बालकाला ख्रिस्ती नाव ठेवले जाईल याची धर्मगुरूने काळजी घ्यावी. आईबापांना ते मान्य नसेल, तर त्यांनी निवडलेल्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडावे आणि दोन्ही नावे वहीत लिहावीत. ‘मारिया शांता’ वा ‘जोसेफ आनंद’ अशी जोडनावे घडली त्यामागे हा नियम होता. १९८३ च्या संहितेने (नियम ८५५) ही अट सैल केली. नाव ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसावे, एवढीच अपेक्षा ठेवली. म्हणून नंतरच्या नोंदींत करुणा, प्रकाश, आशा अशी नावे एकटीच दिसतात. वंशवृक्ष लिहिणाऱ्याने मारियाला पहिले नाव आणि शांताला मधले नाव समजून ‘शांता’ गाळले, तर जन्मभर शांताबाई म्हणून ओळखली गेलेली स्त्री कोणालाच ओळखू येणार नाही.

एका माणसाची अनेक नावे कशी होतात, याचा आपल्या मराठी वाङ्मयातील ठळक दाखला म्हणजे ख्रिस्तपुराणाचे कर्ते. १५४९ मध्ये इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील बुश्टन या खेड्यात जन्मलेले थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचले आणि १६१९ मध्ये वारले. पोर्तुगीज लेखनात ते ‘तोमास इस्तेव्हांव’ झाले. इस्तेव्हांव हे पोर्तुगीजांत पहिले नावही असते, म्हणून मराठीत ‘फादर स्टीफन’ असा उल्लेखही रूढ झाला. काही जुन्या याद्यांत जन्मगावावरून त्यांना ‘बुस्तन’ म्हटले गेले आणि त्याचेही पुढे ‘बुबस्तन’ झाले. १६१६ मध्ये राचोल येथे छापलेले त्यांचे पुराण मराठी असूनही रोमन लिपीत होते. १९०७ मध्ये मंगळूरहून त्याची नवी आवृत्ती काढणाऱ्या जोसेफ साल्ढाणा यांना ग्रंथाच्या जोडीने कर्त्याचे नावही उलगडावे लागले. बुस्तन, इस्तेव्हांव आणि स्टीफन्स यांना तीन ग्रंथकार समजले असते, तर आपला एक थोर कवी तीन अर्धवट सावल्यांत वाटला गेला असता. आणि बुस्तन हे नाव चुकीचे म्हणून कोणी खोडून टाकले असते, तर जन्मगावाकडे जाणारी वाटही त्याबरोबर बुजली असती.

आपल्या मराठी नावांना आणखी एक वळण आहे. स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव ही आपली रीत. पाश्चात्त्य पद्धतीने बनवलेल्या तक्त्यात ‘पहिले’, ‘मधले’ आणि ‘शेवटचे’ अशी घरे असतात. त्यांत आपण मधल्या घरात बापाचे नाव भरतो. परदेशातील वाचक ते त्या माणसाचेच दुसरे नाव समजतो. विवाहित स्त्रीच्या बाबतीत त्याच घरात पतीचे नाव येते आणि आडनाव पालटते. पुष्कळदा पहिले नावही पालटते. ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक १८६८ मध्ये जन्मल्या तेव्हा त्या मनकर्णिका गोखले होत्या. पंडिता रमाबाई जन्माने डोंगरे, विवाहाने मेधावी, आणि १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या बाप्तिस्म्याच्या वेळी ‘मेरी रमा’. या दोघी प्रसिद्ध होत्या, म्हणून त्यांची सारी नावे टिकली. आपल्या घरातील आज्यांचे माहेरचे नाव मात्र नातवंडांना सहसा ठाऊक नसते. त्या मुलीची आजी तीन ठिकाणी होती याचे कारण हेच: माहेरच्या नावाने एकदा, सासरच्या नावाने एकदा, आणि नुसतेच ‘अमुक यांची पत्नी’ म्हणून एकदा. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत त्यांच्या नावानंतर आईचे, मग बापाचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिण्याचा निर्णय अमलात आणला. आईचे नाव आपल्या वहीत पूर्वीपासून असते, ही समाधानाची गोष्ट. परंतु तिचे माहेरचे आडनाव प्रत्येक धर्मगुरूने लिहिलेच असेल, असे नाही.

लिपीचेही तसेच. रोमन अक्षरांत काळे आणि काले एकच दिसतात. आमच्या वऱ्हाडात वानखडे आणि वानखेडे ही दोन्ही आडनावे आहेत आणि एका अक्षराच्या घाईने माणूस दुसऱ्याच घराण्यात जातो. उलट, आमच्याकडे मडावी लिहिले जाणारे गोंड आडनाव मध्य प्रदेशात मरावी असे दिसते. तेथे अक्षरे दोन, कूळ एक. कोणते वेगळे आणि कोणते एक, हे यंत्राला ठरवता येत नाही; ते गावात विचारूनच कळते.

गावाच्या नावाचीही गंमत पाहावी. आज यवतमाळ म्हणून ओळखला जाणारा जिल्हा १८६४ मध्ये वेगळा झाला. वणीच्या नावावरून इंग्रजी कागदांत तो ‘वुन’ जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याचे नाव पालटले आणि ‘येवतमाळ’ असे इंग्रजी रूप पुढे कित्येक वर्षे चालले. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताच्या कारभारात आला, १९५० नंतर मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. ख्रिस्तसभेच्या व्यवस्थेतही १९५५ मध्ये अमरावती धर्मप्रांत स्थापन होईपर्यंत हा भाग नागपूरच्या अखत्यारीत होता. एकाच घरात राहिलेल्या आजोबांच्या कागदांवर अशी तीन-चार राज्ये सापडली, तर ते फिरस्ते होते असे समजू नये. नोंद करताना त्या दिवशी जे नाव चालत होते ते लिहावे आणि आजचे नाव शेजारी द्यावे.

आता त्या समाईक वंशवृक्षांकडे वळू. फॅमिलीसर्च, विकिट्री यांसारख्या ठिकाणी साऱ्या जगाचा मिळून एकच वृक्ष करण्याचा प्रयत्न चालतो. एका मृत व्यक्तीचे पान एकच असावे आणि तिचे सारे वंशज मिळून ते भरावे, ही त्यांमागची कल्पना. म्हणूनच तेथे दोन पाने एकत्र करण्याची सोय असते, आणि घोटाळेही तिथेच होतात. परंतु त्यांचे नियम वाचले तर नवल वाटावे असे साम्य आढळते. २००८ मध्ये सुरू झालेल्या विकिट्रीने जन्माचे आडनाव आणि नंतरचे आडनाव यांसाठी वेगवेगळी घरे ठेवली आहेत, आणि माणसाचे नाव त्याच्या काळच्या व स्थळाच्या रीतीप्रमाणे लिहावे, आपल्या रीतीप्रमाणे नव्हे, असे तत्त्व सांगितले आहे. फॅमिलीसर्चमध्ये बदल करणाऱ्यास कारण लिहिण्याची जागा असते, पर्यायी नावे वेगळी नोंदवता येतात आणि पूर्वीचे रूप इतिहासात राहते. हा समासच आहे. तो रिकामा सोडणारे आपण.

यासंबंधी कॅथलिक कुटुंबांना एक गोष्ट स्पष्ट ठाऊक असावी. फॅमिलीसर्चची संस्था मॉर्मन पंथीयांची आहे. त्या पंथात मृत पूर्वजांसाठी जिवंत माणसाने बाप्तिस्मा घेण्याचा विधी आहे. या कारणाने व्हॅटिकनच्या धर्मगुरूविषयक मंडळाने ५ एप्रिल २००८ च्या पत्राने सर्व बिशपांना कळवले की, धर्मग्रामांच्या वह्या छायाचित्रणासाठी वा सूची करण्यासाठी त्या संस्थेस देऊ नयेत. त्यामुळे कोणी ‘फादर, वहीचे फोटो काढू द्या’ म्हणाले तर मला नकार द्यावा लागतो. त्यात दुरावा नाही. आपल्या आजोबांचा दाखला मागण्याचा हक्क घरच्यांना आहे. तो मी आनंदाने देतो.

वह्या उघड्या न ठेवण्याचे आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते ते अधिक कोमल आहे. काही नोंदींत बापाची जागा कोरी असते. नियम ८७७ सांगतो की, अविवाहित मातेच्या बालकाच्या नोंदीत मातृत्व उघड असेल किंवा ती स्वेच्छेने लेखी अथवा दोन साक्षीदारांसमोर सांगेल, तर आईचे नाव लिहावे. बापाचे नाव शासकीय कागदाने वा त्याच्या स्वतःच्या कबुलीने सिद्ध झाले तरच लिहावे. एरवी नुसते बालकाचे नाव लिहावे. कोणा स्त्रीची अब्रू आणि कोणा लेकराचे भविष्य राखण्यासाठी एका धर्मगुरूने ती जागा जाणूनबुजून मोकळी सोडलेली असते. साठ-सत्तर वर्षांनी कोणी उत्साही माणूस ‘हाच असणार’ म्हणून तेथे नाव भरतो, तेव्हा तो जखऱ्याच्या नातलगांसारखेच वागत असतो. कोऱ्या जागेचाही आदर करावा. ठाऊक नाही ते लिहू नये, आणि ठाऊक असलेले सारेच जगापुढे मांडू नये. जिवंत माणसांविषयी तर मुळीच नाही.

शेवटी, एकच रूप खरे ठरवून बाकीची पुसण्याचा मोह होतो, त्याविषयी. मत्तयाने योसेफाच्या बापाचे नाव याकोब असे दिले आहे, लूकने एली. तिसऱ्या शतकातील ज्युलिअस आफ्रिकानस याने मृत भावाच्या विधवेशी विवाह करण्याच्या यहुदी रूढीचा आधार घेऊन या दोन नावांचा मेळ घालून पाहिला. तो मेळ कोणाला पटो वा न पटो. ख्रिस्तसभेने दोन्ही वंशावळी जशाच्या तशा राखल्या. खुद्द आपल्या प्रभूच्या घराण्याच्या नोंदीत तिने एकही नाव दुसऱ्यासाठी खोडले नाही. अर्थ लावणाऱ्यांनी आपले म्हणणे शेजारी लिहिले.

त्या मुलीला मी हेच कळवले. आजोबांचे पान एकच ठेव. वर घरातले नाव, देवनागरीत आणि रोमन अक्षरांत. खाली वहीतील याकोबुस, कोठून घेतले त्यासह. त्याखाली जेम्स, ते कोणत्या कागदावर आहे त्यासह. आजीला तिच्या माहेरच्या नावाने लिही आणि सासरचे नाव शेजारी दे. परक्या गृहस्थांना सन्मानाने वेगळे कर आणि कारण लिही, म्हणजे पुन्हा कोणी जोडणार नाही. काही दिवसांनी तिचे उत्तर आले. तिच्या आईने फोनवर सांगितले होते की, आजोबांना घरात जेकबही म्हणत नसत आणि जेम्सही नाही; सारे गाव त्यांना ‘याकूबदादा’ म्हणत असे. ते नाव कोणत्याच कागदावर नव्हते. आता ते तिने लिहिले आहे, आईने सांगितले म्हणून.

वाचकांना माझी विनंती आहे. घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल, तर या सुट्टीत त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. त्यांच्या आईचे माहेरचे नाव विचारा, धर्ममातापित्यांची नावे विचारा, हाक मारण्याचे नाव विचारा आणि ते सांगतील तसेच लिहा. मग सवडीने धर्मग्रामाच्या कार्यालयात या. समासात अजून पुष्कळ जागा आहे.